मराठवाड्यातून न्यूज अँकर व्हायचंय? आधी बातमी कळू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: परभणी जिल्ह्यातली मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. टीव्हीवर बातम्या देण्याचं काम करायचं आहे. बोलण्यात ‘आलता-गेलता’ येतं म्हणून कॉलेजात टिंगल होते. मुंबईतला महागडा अँकरिंग कोर्स करावा का, आणि हे काम प्रत्यक्षात असतं तरी कसं?

कोर्सचे पैसे आत्ता भरू नका. बोलीची अडचण रोजच्या सरावाने साधारण सहा महिन्यांत सुटते, तिच्यासाठी मुंबई लागत नाही. खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं विचारत नाही. समोर आलेला मजकूर खरा आहे का, पुरा आहे का, हे तीस सेकंदांत ओळखता येणं म्हणजे अँकरिंग. चेहरा आणि आवाज त्यानंतर येतात.

हे असं का झालं, ते समजून घ्या. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, तेव्हा ‘वृत्तनिवेदक’ असत. स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी तिथं बातम्या द्यायच्या. प्रदीप भिडे यांचा आवाज तर कित्येक घरांत रोजचा होता. दिवसाची ठरलेली बातमीपत्रं, संपादकांनी तपासलेला मजकूर आणि तो स्वच्छ उच्चारात सांगणारा निवेदक अशी ती पद्धत होती. २००७मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ (आताचं ‘एबीपी माझा’) आले, २००८मध्ये ‘आयबीएन लोकमत’ आलं आणि कामच बदललं. आता बातमी घडत असतानाच अँकर पडद्यावर असतो. मजकूर तयार नसतो, एक ओळ हाती असते आणि दहा मिनिटं बोलायचं असतं. नुसतं चांगलं वाचता येणारा माणूस तिथं दुसऱ्याच मिनिटाला उघडा पडतो.

सकाळच्या शिफ्टचं उदाहरण घ्या. सहाचं बुलेटिन असेल तर साडेचारला ऑफिसात हजर व्हावं लागतं. मेकअपला अर्धा-पाऊण तास जातो, पुरुषांनासुद्धा. खुर्चीत बसल्या बसल्या मोबाईलवर रात्रीच्या बातम्या वाचायच्या. मग रनडाऊन उघडायचा, म्हणजे कुठली बातमी कितव्या क्रमांकाला, कुठं बाईट (कुणाचं तरी चित्रित बोलणं), कुठं पॅकेज (आधी तयार केलेली चित्रफीत), कुठं रिपोर्टर लाइव्ह, याची यादी. अर्ध्या तासाच्या बुलेटिनमध्ये जाहिराती वजा जाता बावीस-चोवीस मिनिटं हाती उरतात. एका अँकर स्क्रिप्टला वीस-पंचवीस सेकंद. मराठी बातमी मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्दांच्या गतीने नीट पोचते, म्हणजे एका स्क्रिप्टला पंचेचाळीस-पन्नास शब्द. ‘फास्ट न्यूज’मध्ये गती वाढते, पण तिथंही गावाचं नाव आणि आकडा यांच्यावर वेग कमी करावाच लागतो. प्रेक्षकाला मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही.

आता प्रत्यक्ष मजकूर कसा असतो ते बघा. तालुक्याच्या प्रतिनिधीकडून येणारी कॉपी बऱ्याचदा अशी असते:

‘गेवराई तालुक्यात काल सायंकाळच्या सुमारास झालेल्या मुसळधार पावसामुळे गोदावरी नदीस मोठ्या प्रमाणावर पूर आला असून नदीकाठच्या तीन गावांचा संपर्क तुटल्याचे वृत्त असून शेकडो हेक्टरवरील कापूस व सोयाबीन पिकांचे अतोनात नुकसान झाल्याचे शेतकऱ्यांमधून बोलले जात आहे.’

हे जसंच्या तसं वाचू नका. आधी चार प्रश्न विचारा. गेवराईपाशी गोदावरीला पूर आला तो तिथल्या संध्याकाळच्या पावसाने, की वर पैठणला जायकवाडीतून पाणी सोडलं म्हणून? संपर्क तुटला म्हणजे नेमकं काय झालं, पूल बुडाला की रस्ता वाहून गेला? ‘शेकडो हेक्टर’ कुणी मोजले? आणि ‘बोलले जात आहे’ म्हणजे कोण बोलतंय? दोन फोनमध्ये उत्तरं मिळतात: एक जिल्ह्याच्या पूर नियंत्रण कक्षाला, दुसरा तहसील कार्यालयाला. विसर्गाची खात्री झाल्यावर स्क्रिप्ट अशी होते:

‘जायकवाडीतून पाणी सोडलंय आणि गेवराई तालुक्यात गोदावरी पात्राबाहेर आलीय. नदीकाठच्या तीन गावांकडे जाणारा रस्ता पाण्याखाली आहे. कापूस आणि सोयाबीनच्या शेतांत पाणी साचलंय. नुकसान किती झालं, ते पंचनाम्यानंतर कळेल.’

वाक्यं लहान झाली. ‘असून’ गेलं. माहीत नसलेला आकडा गेला आणि कारण बरोबर आलं. रोज एक छापील बातमी घेऊन ती अशी पन्नास शब्दांत बसवायची, हा सराव कुठल्याही आरशासमोरच्या सरावापेक्षा जास्त कामी येतो.

पाण्याच्या आकड्यांवर मी मुद्दाम थांबतो, कारण मराठवाड्याच्या बातमीत सगळ्यात जास्त चुका तिथं होतात. क्युसेक हा वेग आहे, टीएमसी हा साठा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला तर जवळपास एक टीएमसी पाणी जातं, एवढं गणित डोक्यात ठेवा. ‘धरणातून दहा हजार टीएमसी पाणी सोडलं’ हे वाक्य ऐकू आलं की लगेच कळेल, कारण अख्ख्या जायकवाडीची क्षमता साधारण १०२ टीएमसी आहे. त्यातलं ७६ टीएमसी उपयुक्त, बाकीचा मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वाटेने बाहेर न निघणारं तळाचं पाणी. टक्केवारी सांगतात ती उपयुक्त साठ्याची. म्हणून ‘जायकवाडी शून्य टक्क्यांवर’ याचा अर्थ धरण कोरडं पडलं असा नाही. मृतसाठ्यात पाणी असतं आणि पिण्यासाठी ते उचलतात. ‘नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) आटला’ असं वाचणारा अँकर पैठणच्या माणसाच्या नजरेतून तिथंच उतरतो.

पावसाचंही तसंच. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी, आणि मदतीचा विषय त्या आकड्याला बांधलेला असतो. ढगफुटी म्हणजे तासाभरात लहानशा भागात १०० मिलिमीटरच्या घरात पाऊस. जोराची सर आली की ‘ढगफुटी’ म्हणायची सवय लागू देऊ नका. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. पाच लाख ऐकायला मोठा आकडा वाटतो. माणशी पन्नास लिटर धरलं तर ते दहा हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी. असा हिशोब एका ओळीत सांगता आला की आकडा घराघरांत पोचतो.

प्रॉम्प्टरसाठी, म्हणजे कॅमेऱ्यासमोर मजकूर सरकवत दाखवणाऱ्या पडद्यासाठी, लिहिताना मोठे आकडे अक्षरांत लिहून घ्या. ‘७५.५ टक्के’ दिसलं की जीभ ‘पंच्याहत्तर पॉइंट पाच’ म्हणते, मराठीत ते ‘साडेपंच्याहत्तर’ आहे. सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन ही आपल्या भाषेची मोठी सोय आहे, ती वापरा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद हे चार आणि सदुसष्ट, सत्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव हे चार, एवढे आठ आकडे घाईत हमखास चुकतात. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. मुलांसाठी ते सोपं असेलही, पण बुलेटिनमध्ये अजून एकवीस-बावीसच चालतं.

गावांची नावं ही तुमची जमेची बाजू आहे. कळंब धाराशिवमध्ये आहे तसं यवतमाळ जिल्ह्यातही. सेलू परभणीत आणि वर्ध्यात. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात. शिरूर म्हटलं की पुणेकर अँकरला पुण्याचं आठवतं, पण बीडमध्ये शिरूर कासार आहे आणि लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. वाशी तालुका धाराशिवमध्ये आहे. नकाशावर नवी मुंबईची वाशी दाखवली गेली तर चूक ग्राफिक्सची असते, पण ती थांबवायची संधी अँकरला मिळालेली असते. आठही जिल्ह्यांचे तालुके पाठ करा. कुठला तालुका कुठल्या नदीवर, कुठून कुठला महामार्ग जातो, हे सुद्धा. ब्रेकिंगच्या वेळी हाती माहिती नसताना हा भूगोलच बोलायला आधार देतो.

आता बोली. ‘आलता’, ‘गेलता’, ‘कामून’, ‘करूलाले’ यात चूक काही नाही. ती तुमच्या मुलखाची भाषा आहे, तिची लाज बाळगू नका. बुलेटिनसाठी प्रमाण मराठी शिकायची ती दुसरा पोशाख शिवून घ्यावा तशी. जुना कपडा फेकायचा नाही. गंगाखेडच्या बाजारात बाईट घेताना तुमचीच बोली समोरच्याला मोकळं करते. स्टुडिओसाठी मात्र तीन-चार गोष्टींवर रोज अर्धा तास द्या. पहिली, ण आणि न: पाणी, आणि, कारण, प्रमाण. दुसरी, श आणि स: शाळा, शेत, शासन. तिसरी, शब्दाच्या सुरुवातीचा व: वेळ, वीज, विहीर यांचं ‘येळ, ईज, हीर’ होऊ द्यायचं नाही.

चौथी सगळ्यात बारीक: च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च वेगळा. ‘जनता’, ‘जलसंपदा’, ‘जिल्हा’ यांतला ज एक आणि ‘जमीन’, ‘जखमी’, ‘जाहीर’, ‘जोरदार’ यांतला दुसरा. हिंदी चॅनेल ऐकून ऐकून हल्ली सगळे च-ज एकाच पद्धतीने उच्चारणारे अँकर वाढलेत. मराठवाड्यातल्या मुलांच्या तोंडी हा भेद सहसा शाबूत असतो. मुंबईत गेल्यावर तो हरवू देऊ नका. दातांत पेन्सिल धरून वाचायचा प्रकार सगळीकडे शिकवतात. त्याने तोंड उघडायला मदत होते एवढंच, श्वास सुधारत नाही. त्यापेक्षा स्क्रिप्टवर श्वासाच्या जागी तिरकी रेघ मारा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर चुका कानाला लागत नाहीत.

स्टुडिओत तीन गोष्टी एकाच वेळी चालतात: डोळे प्रॉम्प्टरवर, कान टॉकबॅकला (इअरफोनमधून येणाऱ्या सूचनांना), तोंड बातमीला. प्रॉम्प्टरची ओळ चार-पाच शब्दांचीच असते. ऑपरेटरने तुमच्या गतीने मजकूर सरकवायचा असतो, तुम्ही त्याच्यामागे धावायचं नसतं. तो पुढे गेला आणि तुम्हीही घाई केली की दोघांचाही तोल जातो. अशा वेळी गती कमी करा, तो थांबतो. प्रॉम्प्टर बंदच पडला तर हातातल्या कागदाकडे उघडपणे बघून वाचा. नजर भिरभिरली की प्रेक्षक अस्वस्थ होतो, खाली वळली तर होत नाही. म्हणून प्रिंटआऊट कायम टेबलावर, पानं सुटी, पिन न लावलेली. लॅपल माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर. पदराची घडी किंवा मंगळसूत्र त्यावर घासलं तर खरखर येते, ती बुलेटिन सुरू झाल्यावर काढता येत नाही. हिरवा रंग क्रोमामुळे (मागच्या हिरव्या पडद्याच्या जागी चित्र बसवतात त्यामुळे) टाळायचा आणि बारीक रेघा-चौकड्यांचं कापड टाळायचं, कॅमेऱ्यात ते लहरताना दिसतं.

टॉकबॅकमध्ये पीसीआरमधून (स्टुडिओच्या नियंत्रण कक्षातून) निर्माता बोलत असतो: ‘पॅकेज तयार नाही, फोनोवर (फोनवरच्या थेट संभाषणावर) जाऊ’, ‘दहा सेकंद’, ‘वाइंड अप’. ते ऐकत ऐकत तुमचं वाक्य नीट संपलं पाहिजे. घरी सराव असा करा: एका कानात आकाशवाणीचं बातमीपत्र हळू आवाजात लावा आणि समोरचा अग्रलेख मोठ्याने वाचा. पाच मिनिटांनी बातमीपत्रातल्या तीन बातम्या आठवल्या पाहिजेत. पहिले पंधरा दिवस डोकं दुखतं, मग जमतं.

रिपोर्टर लाइव्ह असेल तर आवाज पोचायला सेकंद-दोन सेकंद उशीर होतो, मोबाईल नेटवर्कवर चालणाऱ्या बॅकपॅक युनिटवर तर हमखास. प्रश्न पूर्ण विचारा आणि गप्प बसा. मधेच ‘ऐकू येतंय का?’ म्हटलं की दोघे एकमेकांवर बोलत राहतात. रिपोर्टर अडखळत असेल तर त्याला स्वतःचाच आवाज उशिरा परत ऐकू येत असतो. त्याला टोकू नका, ऑडिओवाल्याला कळवा.

फोनोवरचा प्रश्न ही स्वतंत्र कला आहे. पुराच्या रात्री सरपंच फोनवर आहेत. ‘काय परिस्थिती आहे?’ विचारलं की ‘परिस्थिती फार गंभीर आहे’ एवढंच उत्तर येणार. ‘सरपंच, पाणी कुठपर्यंत आलंय? शाळेपर्यंत की मारुतीच्या पारापर्यंत? लोकांना कुठं हलवलंय? लाईट आहे का? जनावरं सोडलीत का?’ असं विचारा. प्रत्येक उत्तरातून चित्र उभं राहतं आणि प्रशासनालाही काय पाठवायचं ते कळतं. सरपंचांच्या फोनची बॅटरी त्या रात्री मोलाची असते हे लक्षात ठेवून दोन मिनिटांत त्यांना मोकळं करा.

ब्रेकिंगमध्ये हाती एकच ओळ असेल तेव्हा क्रम ठेवा: काय कळलंय, कुणाकडून कळलंय, किती वाजता कळलंय, काय अजून कळलेलं नाही. मग जागेचा भूगोल, मग रिपोर्टर. हेच फिरवून पुन्हा सांगा, कारण दर दोन मिनिटांनी नवा प्रेक्षक जोडला जातो. मृतांचा आकडा अधिकृत माणसाच्या नावाशिवाय उच्चारू नका. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भूकंपाने हादरलं. तसं काही आज घडलं तर पहिल्या तासात दहा वेगवेगळे आकडे फिरतील. त्या गावांत नातेवाईक असलेली माणसं पुण्या-मुंबईत टीव्हीसमोर बसलेली असतील, त्यांच्यासाठी बोला.

कायद्याचा भाग थोडक्यात, पण पक्का हवा. बलात्कारपीडितेची ओळख उघड करायची नाही (भारतीय न्याय संहिता, कलम ७२). लहान मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं) कलम २३. ओळख म्हणजे फक्त नाव नाही. ‘अमुक वस्तीवरच्या शाळेतली सातवीची मुलगी, वडील रिक्षा चालवतात’ एवढं म्हटलं तरी छोट्या गावात ओळख पटते. मतदान संपण्याआधीच्या अठ्ठेचाळीस तासांत प्रचाराचा मजकूर दाखवता येत नाही.

आणि शेतकरी आत्महत्या. मराठवाड्यातून आलेल्या अँकरवर ही बातमी वारंवार येते. पद्धत सांगू नका, चिठ्ठी वाचून दाखवू नका, ‘कंटाळून जीवन संपवलं’ असं एका कारणाला बांधू नका. त्याच विवंचनेत असलेला दुसरा शेतकरी तेच बुलेटिन बघत असतो. कर्ज, पीकविमा, मिळालेला भाव यांची माहिती द्या आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर वाचून दाखवा, सावकाश, दोनदा.

सुरुवात कुठून करायची? पदवीनंतर मराठवाड्यातच पत्रकारितेचं शिक्षण घेता येतं: छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि एमजीएममध्ये, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या माध्यमशास्त्र संकुलात. सोबत आकाशवाणीचा विचार जरूर करा. परभणी, नांदेड, बीड, धाराशिव, संभाजीनगर इथं केंद्रं आहेत. नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात निघते, लेखी आणि आवाजाची चाचणी होते. तिथं चेहरा मदतीला नसतो, त्यामुळे उच्चार आणि श्वास आपोआप सुधारतात. मग दोन वर्षं जिल्ह्यात रिपोर्टिंग किंवा डेस्क. स्ट्रिंगर म्हणून पैसे बातमीमागे मिळतात, अनियमितही असतात, त्यावर घर चालेल असं धरू नका. पण पोलीस ठाणं, जिल्हा परिषद, बाजार समिती आणि सिव्हिल हॉस्पिटल या चार ठिकाणी उभं राहून केलेली बातमी पुढे स्टुडिओत रोज कामी येते. चॅनेलमध्येही बहुतेकांना थेट खुर्ची मिळत नाही. ट्रेनी किंवा असिस्टंट प्रोड्यूसर म्हणून घेतात, पहाटेचं किंवा दुपारचं बुलेटिन आधी देतात.

ऑडिशनसाठी तीन मिनिटांची क्लिप पुरते. पहिलं दीड मिनिट बुलेटिन, मग मिनिटभर मैदानात उभं राहून बोललेलं, शेवटी एक न लिहिलेला फोनो. संगीत, ग्राफिक्स, स्लो मोशनची दृश्यं काही जोडू नका. बघणारा पहिल्या वीस सेकंदांत ठरवतो, म्हणून सगळ्यात चांगलं आधी ठेवा. तिथं हमखास विचारतात: ‘आज सकाळची सगळ्यात मोठी बातमी कुठली आणि का?’ त्या दिवशी चार पेपर वाचूनच जा.

नोकरीचं पत्र हाती आलं की सही करण्याआधी काही गोष्टी विचारा. करार किती वर्षांचा, नोटीस पिरियड किती, मधेच सोडल्यास बाँडची रक्कम आहे का. कपडे कंपनीचे की स्वतःचे. सोशल मीडियावर स्वतःच्या नावाने बोलता येईल का, आणि चॅनेल सोडल्यावर ते खातं कुणाचं. रात्री उशिरा किंवा पहाटेच्या शिफ्टला घरापासून घरापर्यंत गाडी मिळते का, हे लेखी घ्या. ‘स्टेशनपर्यंत सोडतो’ यावर समाधान मानू नका. खोली ऑफिसपासून अर्ध्या तासाच्या आत घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी, कारण साडेचारला मेकअपच्या खुर्चीत असायचं तर तीनला उठावं लागतं. रात्रीचं जेवण आठच्या आत उरका. उशिरा जेवून झोपलं की आम्ल वर येऊन सकाळी आवाज जड होतो. घसा खाकरून साफ करण्याची सवय मोडा, त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. आवाज दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर काढे-गोळ्यांवर वेळ न घालवता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.